क्रोशाच्या जाळीदार टॉपचे खांदे : या चुका टाळा

जाळीदार टॉप विणताना मुंढ्यापर्यंतचे, म्हणजे बाहीच्या घेरापर्यंतचे काम सहसा बिघडत नाही. ते बिघडते शेवटच्या तीन-चार ओळींत, जिथे बहुतेक जणी उंची पुरली म्हणून दोरा तोडतात आणि पुढची-मागची बाजू सरळ जोडून टाकतात. मानेपासून टोकापर्यंत आपला खांदा साधारण २ ते ४ सेंमी उतरतो. शिंपी तेवढी तिरकी रेघ आखून कापड कापतो, आपल्याला मात्र ती रेघ विणावी लागते. ती विणली नाही, तर खांद्याच्या टोकाशी जास्तीचे विणकाम साठते, मुंढ्यावर चुण्या पडतात, आणि जाळीची चौकोनी घरे ओढली जाऊन तिरकी झाल्यामुळे हा दोष भरीव विणीपेक्षा कितीतरी लवकर नजरेत भरतो.

उतार द्यायचा हे कळल्यावर होणारी चूक म्हणजे पायऱ्या. प्रत्येक ओळीत काही घरे सोडून दिली की कड जिन्यासारखी होते, आणि जोडताना त्या पायऱ्यांच्या कोपऱ्यांत भोके राहतात. माझ्या मते क्रोशाच्या खांद्याचे सारे मर्म इथेच आहे : उतार टाक्यांच्या संख्येतून नव्हे, तर त्यांच्या उंचीतून काढायचा असतो.

समजा, एक खांब (उंच टाका) आणि २ साखळ्या यांचे एक घर आहे, खांद्यावर अशी १० घरे आहेत, खांबाच्या ओळीची उंची ०.९ सेंमी आहे आणि २.७ सेंमी उतार हवा आहे. म्हणजे काम ३ ओळींचे झाले. पहिली ओळ गळ्याकडून सुरू करून ७ घरे नेहमीप्रमाणे विणावीत आणि मुंढ्याकडच्या तीन घरांवर खांबाऐवजी क्रमाने बुटके होत जाणारे टाके, म्हणजे अर्धा खांब, मुका खांब आणि स्लिप स्टिच घालावेत. काम उलटवून ती ३ घरे स्लिप स्टिचने ओलांडावीत, पुढच्या तीन घरांवर स्लिप स्टिच, मुका खांब, अर्धा खांब असे चढत जावे आणि उरलेल्या ४ घरांवर पूर्ण खांब घालावेत. तिसऱ्या ओळीत गळ्याकडून त्याच ४ घरांवर खांब, अर्धा खांब, मुका खांब आणि स्लिप स्टिच घातली की कड एकसंध उतरते. या सगळ्यात टाक्यांमधल्या २ साखळ्या मात्र कमी करू नयेत, कारण टाक्याची उंची घटली तरी खांद्याची रुंदी तेवढीच राहायला हवी. साखळ्या आखडल्या की कड गोळा होते.

परदेशी नमुन्यावरून विणत असाल, तर तो ब्रिटिश आहे की अमेरिकन हे आधी पाहावे. ब्रिटिश नमुन्यातला ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब, तर अमेरिकन नमुन्यातला ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला खांब. उंचीवरच बेतलेल्या उतारात ही गफलत झाली, तर सगळे गणित कोसळते.

दुसरा खांदा पहिल्याची हुबेहूब नक्कल करून विणला, की दोन्ही उतार एकाच दिशेला जातात. तो आरशातल्यासारखा उलटा हवा, म्हणून दोरा जोडण्याआधी गळ्याची आणि मुंढ्याची कड कोणती, हे रंगीत दोऱ्याची खूण बांधून ठरवावे. पुढचा गळा कितीही खोल असला, तरी मुंढ्यापासून खांद्यापर्यंतच्या ओळी पुढच्या आणि मागच्या बाजूला सारख्याच भरायला हव्यात.

सुती जाळी स्वतःच्या वजनाने लांबते आणि ते सगळे वजन खांद्यांवरच येते. माझा पहिला टॉप आठवडाभर हँगरवर राहिला आणि मुंढे चांगले ४ सेंमी खाली उतरले, तेव्हा नमुन्याचा तुकडा टेबलावर पसरून मोजणे पुरेसे नाही हे मला उमगले. तेव्हापासून मी १५ सेंमीचा तुकडा धुऊन वाळवते, खालच्या कडेला चिमटे लावून दिवसभर टांगते आणि मगच ओळी मोजते.

जोडही घट्ट हवा. जाळीला शोभेल म्हणून साखळ्यांचा नाजूक जोड घालण्याचा मोह होतो, पण तो ताणला जातो आणि खांदे दंडांवर घसरतात. त्याऐवजी उतारावरून मुक्या खांबांची एक भरीव ओळ फिरवून दोन्ही कडा स्लिप स्टिचने जोडाव्यात. टॉप लांब किंवा बाह्यांचा असेल, तर जोडाच्या आतून खांद्याच्या मापाची अरुंद सुती पट्टी हाताने शिवावी. ही पट्टी कापण्यापूर्वी धुऊन घ्यावी, नाहीतर पहिल्याच धुण्यात ती आटते आणि इतक्या निगुतीने उतरवलेली कड पुन्हा चुणते.