आपत्तीनंतर काम पुन्हा कसे सुरू करावे : सोलापूरच्या लघुउद्योजकांसाठी आराखडा

अक्कलकोट रस्त्यावरच्या किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखानदाराला ‘उद्या मोठे संकट आले तर काय कराल?’ असे विचारले, तर बहुधा ‘विमा उतरवला आहे’ एवढेच उत्तर मिळते. विम्याचे पैसे मिळतात, पण सर्व्हेअरची पाहणी आणि कागदपत्रांची पूर्तता झाल्यावर. तोपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे वळू नये, कामगारांचा पगार थकू नये आणि बाजारातली येणी बुडू नयेत, याची तजवीज आपली आपणच करून ठेवावी लागते. वीस-पंचवीस माणसांच्या युनिटसाठी ही तजवीज चार-पाच पानांत लिहून होते.

सुरुवात आपत्तींची यादी करून करू नये, कारण ती यादी कधी संपत नाही. आग, पूर, चोरी, संगणकातला व्हायरस अशी कारणे कितीही निघाली तरी त्यांचे परिणाम मोजकेच असतात : इमारतीत जाता येत नाही, वीज नाही, संगणकातली माहिती गेली, महत्त्वाचा माणूस हाताशी नाही, किंवा मालाची ये-जा थांबली. सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीच्या पुरामुळे लांबोटीजवळ सोलापूर–पुणे महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली होती. अशा वेळी कारखान्यात पाण्याचा थेंबही न येता सुताची गाडी अडकते आणि तयार गठ्ठे गोदामात पडून राहतात. म्हणून या पाच परिणामांपैकी प्रत्येकासाठी ‘पहिल्या दिवशी काय, आठवड्यात काय’ एवढे लिहिले तरी पाया तयार होतो.

त्यानंतर कारखान्यातल्या ‘एकमेव’ गोष्टी शोधाव्यात, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड फक्त हिशेबनिसाला माहीत आहे का? बँकेच्या व्यवहारांचा ओटीपी येणारा मोबाइल एकट्या मालकाच्या खिशात असतो का? जेकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या, डिझाइन एकाच संगणकात आहेत का? गिऱ्हाइकाने मंजूर केलेली रंगछटा, वजन आणि माप फक्त व्हॉट्सॲपवरच्या जुन्या संदेशांत दडलेले आहे का? माग जळाला तर पैसे टाकून दुसरा आणता येतो, पण वर्षानुवर्षे जमवलेल्या डिझाइन आणि कोणाकडून किती येणे आहे याचा हिशेब बाजारात विकत मिळत नाही. अशा प्रत्येक गोष्टीला दुसरी प्रत, दुसरा माणूस किंवा दुसरा पुरवठादार जोडणे हे या आराखड्याचे निम्मे काम आहे. डाइंग म्हणजे सुताची रंगाई बाहेरून करून घेत असाल, तर दुसऱ्या डाइंगवाल्याशी दराची बोलणी आधीच करून, थोडे काम त्याच्याकडे अधूनमधून टाकावे. संकटात प्रथमच दारात आलेल्याला रांगेत शेवटी उभे राहावे लागते.

प्रत्येक कामाबाबत दोन प्रश्न लिहून ठेवावेत. हे काम किती तास किंवा दिवस बंद राहिले तर चालेल? आणि माहिती गेलीच, तर किती दिवसांची पुन्हा भरणे परवडेल? बिले, येणी आणि पगाराचा हिशेब एका दिवसापेक्षा जुना परवडत नाही, तर जुन्या डिझाइनची प्रत आठवड्यातून एकदा घेतली तरी पुरते. कंपनी म्हणून नोंदणी असेल, तर संगणकावर ठेवलेल्या हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज घेणे कंपन्यांच्या हिशेबविषयक नियमांतल्या 2022 च्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे. जीएसटीच्या नोंदीही त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपाव्या लागतात.

बॅकअपचा प्रचलित नियम सोपा आहे : माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक इमारतीबाहेर. संगणकाशेजारच्या ड्रॉवरमधला पेन ड्राइव्ह आगीत संगणकाबरोबरच जातो, आणि सतत जोडून ठेवलेली हार्ड डिस्क खंडणी मागणाऱ्या व्हायरसने संगणकाबरोबरच कुलूपबंद होते. क्लाउडवर आपोआप जाणाऱ्या फोल्डरवरही पूर्ण विसंबू नये, कारण बिघडलेली फाइलही तेथे तितक्याच तत्परतेने पोहोचते. जुन्या आवृत्त्या परत मिळण्याची सोय चालू आहे ना, हे तपासावे. दोन हार्ड डिस्क घेऊन त्या आलटूनपालटून मालकाच्या घरी नेणे हा साधा आणि स्वस्त उपाय आहे. सायबर हल्ला झालाच, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार तो लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवावा लागतो, आणि पैसे गेले असतील तर 1930 या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. हे दोन्ही कोण करणार, त्याचे नाव आराखड्यात असावे.

आता माणसांविषयी. 18 मे 2025 च्या पहाटे अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. सूत, टॉवेल आणि वायरिंगवर साचणारी रुईची धूळ हे सारे झपाट्याने पेटणारे आहे, हे येथे कोणाला सांगायला नको. त्यामुळे आवारात रात्री कोणी राहत असेल, तर बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग आतून किल्लीशिवाय उघडणारा हवा आणि त्याच्यासमोर गठ्ठे रचलेले नसावेत. इतर सर्व बाबी याच्यानंतर येतात. कामगारांनी जमायची जागा ठरवून हजेरीपत्रकाची प्रत फाटकाजवळ ठेवावी, म्हणजे आत कोणी राहिले का ते लगेच कळते.

विम्याची पॉलिसी दरवर्षी नुसती पुढे ढकलू नये, ती वाचावी. मालमत्तेची किंमत पाच कोटी रुपयांपर्यंत असलेल्या व्यवसायांसाठी एप्रिल 2021 पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. मजुरीवर विणणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी : व्यापाऱ्याचे सूत आपल्या शेडमध्ये असताना जळाले, तर ते आपल्या पॉलिसीत धरले आहे की त्याच्या? पॉलिसीत तसा स्पष्ट उल्लेख नसेल, तर भरपाईच्या वेळी दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. कारखाना बंद राहिल्याने बुडालेल्या नफ्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, ते नेहमीच्या आगीच्या विम्यात गृहीत धरू नये. यंत्रांचे अनुक्रमांक दिसतील असे फोटो आणि खरेदीची बिले कारखान्याबाहेर ठेवावीत.

लिहिलेला आराखडा वापरून पाहिला नाही, तर त्यातल्या चुका आपत्तीच्या दिवशीच कळतात. तिमाहीतून एकदा, शनिवारी दुपारी, घरी ठेवलेली हार्ड डिस्क एखाद्या परक्या लॅपटॉपला जोडून टॅलीचा डेटा रिस्टोअर करावा आणि गेल्या आठवड्यातले एखादे बिल, एका गिऱ्हाइकाची बाकी आणि एक डिझाइन उघडते का ते पाहावे. हे काम हिशेबनिसाने नव्हे, त्याच्या जागी नेमलेल्या माणसाने करावे. किती वेळ लागला आणि कोठे अडले, ते आराखड्यातच तारखेसह लिहावे. अनेकदा अडते ते सॉफ्टवेअरच्या लायसन्सपाशी किंवा पासवर्डपाशी.

आराखड्याच्या छापील प्रती मालकाच्या घरी, जॉबरकडे (कामगारांवरच्या मुकादमाकडे) आणि हिशेबनिसाकडे असाव्यात. कामगार, महावितरणचे स्थानिक कार्यालय, जनरेटरवाला, टँकरवाला, विमा एजंट, बँक आणि पाच मोठे गिऱ्हाईक यांचे क्रमांक पहिल्या पानावर हवेत, आणि गिऱ्हाइकांशी कोण बोलणार हेही तेथेच असावे, म्हणजे एकालाच दोघांकडून दोन वेगळ्या तारखा सांगितल्या जाणार नाहीत. उन्हाळ्यापूर्वी मार्चमध्ये आणि पावसाळ्यापूर्वी मेअखेर ही पाने चाळावीत. कोणी काम सोडले किंवा कोणाचा मोबाइल बदलला, तर सर्व प्रती त्याच दिवशी दुरुस्त कराव्यात.