शहरावर अ‍ॅबस्ट्रॅक्ट करायचंय? आधी खळ धुवा

परवा एका ज्युनियरने विचारलं, ताई मिक्स्ड मीडिया (म्हणजे एकाच चित्रात रंग, कागद असं सगळं) सुरू करायचंय, काय काय विकत आणू? म्हटलं काही आणू नकोस, आधी स्टेशनबाहेरच्या भिंती बघून ये. शहर म्हटलं की आपण बिल्डिंगा काढत बसतो, मीपण वर्षभर तेच केलं, चौकोनावर चौकोन, सगळं बाथरूमच्या टाइल्ससारखं दिसायचं. मग डोंबिवलीत पुलाखाली एकदा थांबले, सर्कशीच्या पोस्टरवर क्लासची जाहिरात, तिच्यावर कुणी भावी नगरसेवक, त्याचा अर्धा गाल कुणीतरी ओढून काढलेला आणि आतून वाघाचा पंजा. पेंटिंग तर इथे झालेलंच होतं. (आयडिया माझी नाही हं, पॅरिसमधे रेमों ऐंस आणि जाक व्हिलेग्ले हे कलाकार १९४९ पासून भिंतीवरची फाटकी पोस्टरं उतरवत होते.)

आता फजिती. पोस्टरं आणली आणि तशीच कॅनव्हासवर चिकटवली, मागे मैद्याची खळ असते हे डोक्यातच आलं नाही. पावसाळाभर पलंगामागे तीन कॅनव्हास, गणपतीच्या साफसफाईला काढले तर एकावर काळी बुरशी, दोन झुरळांनी कुरतडलेले. आई म्हणाली, आता झालं बघ तुझं अ‍ॅबस्ट्रॅक्ट.

तेव्हापासून कागद कोमट पाण्यात भिजवते, खळ बोटाने चोळून काढते, वाळवते, मग पाणी घातलेला फेव्हिकॉल. थर पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा नाही, जुलैत दोन-दोन दिवस जातात. फ्लेक्स नको, त्यावर फेव्हिकॉल धरत नाही. वर्तमानपत्र पिवळं पडणारच, चालत असेल तर लावा. आणि ऑइलवर अ‍ॅक्रिलिक कधीच नाही, पापुद्रे निघतात, उलटं चालतं.

पण चिकटवणं कुणालाही जमतं हो, खरं काम खरवडण्यात आहे. पाच-सहा थर झाले की ओला सँडपेपर घ्यायचा आणि हलक्या हाताने एकाच जागी फिरवायचा, राखाडीखालून अचानक एक गुलाबी रेघ वर येते, कुठल्यातरी अक्षराची वेलांटी असते, तिथे हात थांबला पाहिजे. माझा अजून कधीकधी थांबत नाही आणि कॅनव्हासला भोक पडतं.

जहांगीर आर्ट गॅलरीला प्रदर्शनासाठी अर्ज आत्ताच टाकून ठेवा, नंबर लागायला वर्षं जातात. तोवर ग्रुप शो करा, मी मुलांचे क्लास घेते, त्यातून रंगांचा खर्च सुटतो.

आणि ताजं पोस्टर फाडू नका, लावणाऱ्याचं पोट असतं त्यावर. मी एकाला विचारलं होतं, हे नेऊ का? बादलीत ब्रश बुडवत म्हणाला, चार दिवसांनी या, यावर दुसरं लागणारच आहे, दोन्ही न्या.