एक्सेलमध्ये मॅक्रोनं शीट लपवताय? या चुका टाळा

लातूरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानाचा हिशोब एक्सेलमध्ये असेल, तर पट्टी करणाऱ्या मुनिमाला शेतकऱ्यांच्या उचलीचं शीट दिसू नये असं मालकाला वाटणं साहजिक आहे. शीट लपवायला मॅक्रोची, म्हणजे एक्सेलकडून काम करून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रामची, एक ओळ पुरते. अडचण त्या ओळीतच येते.

आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण शीटच्या मराठी नावाची. टॅबवर 'उचल' व्यवस्थित दिसतं, पण मॅक्रो ज्या भाषेत लिहितात त्या व्हीबीएच्या एडिटरला देवनागरी झेपत नाही. तिथं अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात, त्या नावाचं शीट सापडत नाही आणि एरर ९ येते. मग लोक शीटचंच नाव इंग्रजी करून टाकतात. तसं करू नका. ज्याला रोज त्या फाइलवर काम करायचंय त्याला मराठीच दिसलं पाहिजे. ऑल्ट आणि एफ११ दाबून एडिटर उघडा, डावीकडच्या यादीत शीट निवडा, एफ४ दाबा. तिथं कंसात 'नेम' लिहिलेलं असतं, ते कोडनेम. ते इंग्रजी अक्षरांत द्या आणि त्याच फाइलच्या कोडमध्ये वापरा. पुढे टॅबचं नाव कुणी बदललं तरी मॅक्रो चालतो. शीट कितवं आहे त्या क्रमांकावर मात्र विसंबू नका. कुणी टॅब ओढून पुढेमागे केला की भलतंच शीट लपतं.

कोडमध्ये शीटच्या 'व्हिजिबल' या गुणधर्माला 'फॉल्स' दिलं की शीट जातं, पण राइट क्लिक करून 'अनहाइड' केलं की परत येतं. 'अनहाइड'च्या यादीतही नको असेल तर 'व्हेरी हिडन' वापरा, म्हणजे किंमत २. दिसणाऱ्या शीटची किंमत उणे १, साध्या लपलेल्याची ०. म्हणून 'इफ'मध्ये नुसतं 'व्हिजिबल' तपासलं, तर २ सुद्धा 'ट्रू' धरलं जातं आणि लपलेलं शीट दिसतंय असा निकाल मिळतो. उणे १ शीच तुलना करा.

एरर १००४ आली तर दोन गोष्टी बघा: वर्कबुकचं स्ट्रक्चर प्रोटेक्ट केलेलं, म्हणजे शीट लपवण्या-दाखवण्याला कुलूप लावलेलं आहे का, आणि तुम्ही शेवटचं दिसणारं शीट तर लपवत नाही ना. एक शीट उघडं राहावंच लागतं, म्हणून आधी दाखवायचं ते दाखवा, मग बाकीची लपवा. 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' (एरर आली तरी पुढे जा) लिहून ही एरर दाबू नका. शीट उघडंच राहील आणि तुम्हाला कळणारही नाही. लपलेलं शीट 'सिलेक्ट' करायला गेलात तरी हीच एरर येते. सेलमध्ये थेट लिहा, सिलेक्टची गरज नसते.

शेतकऱ्यांचे खाते क्रमांक, आधार क्रमांक मात्र लपवलेल्या शीटवर ठेवूच नका. दुसऱ्या फाइलमधल्या साध्या फॉर्म्युल्यानंही तिथली माहिती वाचता येते. ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि फाइल उघडायलाच पासवर्ड द्या.