एचडी कॅमकॉर्डरची तुलना: आधी फॉरमॅट, मग चित्र, मेगापिक्सेल शेवटी

‘फुल एचडी’ लिहिलेले दोन कॅमकॉर्डर समोर आले, की बहुतेकांचे डोळे आधी मेगापिक्सेलच्या आकड्यावर जातात. १९२० × १०८० च्या एका फ्रेमला सुमारे २०.७ लाख पिक्सेल पुरतात. खोक्यावर छापलेले त्यापुढचे मेगापिक्सेल बहुतेक वेळा स्थिर फोटोसाठी असतात, आणि फोटो काढायला कॅमकॉर्डर कोणी घेत नाही. उलट इवल्याशा सेन्सरवर पिक्सेल जितके जास्त कोंबावेत, तितका प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश कमी. डिजिटल झूमचा आकडा वाचूही नका. खोलीत चित्रण करायचे असेल तर झूम किती लांब जातो यापेक्षा वाइड टोकाला किती मावते ते पाहा.

१. कॅमेरा कशात लिहितो ते ओळखा

एचडीव्ही २००३ साली आले. मिनीडीव्ही टेपवर एमपेग-२ कोडेक (चित्र दाबून साठवण्याची पद्धत), बिटरेट १०८० ओळींसाठी २५ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २५ मेगाबिट. यात चित्र १४४० × १०८० असते आणि दाखवताना ते १९२० रुंदीला ताणले जाते. एमपेग-२ मध्ये एका गटातल्या फ्रेम एकमेकींवर अवलंबून असतात, त्यामुळे टेपवर एक ओरखडा पडला तरी जवळजवळ अर्ध्या सेकंदाचे चित्र जाऊ शकते. शिवाय तासाभराची टेप संगणकात घ्यायला तासच लागतो, आणि त्यासाठी फायरवायर पोर्ट हवा. तो नसेल तर एचडीव्हीचा विचार इथेच सोडा.

एव्हीसीएचडी २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकने आणले. एच.२६४ कोडेक, कार्ड किंवा हार्ड डिस्कवर, कमाल २४ एमबीपीएस. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत ५०पी आणि ६०पी (सेकंदाला ५० किंवा ६० अख्ख्या फ्रेम) आले आणि मर्यादा २८ वर गेली. २०१३ पासून सोनीच्या कॅमेऱ्यांत एक्सएव्हीसी एस दिसू लागले. तेही एच.२६४ च, पण साध्या एमपी४ फाईलमध्ये आणि एचडीसाठी ५० एमबीपीएसपर्यंत.

२. बिटरेटची तुलना फक्त सारख्या कोडेकमध्ये

एचडीव्हीचे २५ आणि एव्हीसीएचडीचे २४ म्हणजे ‘जवळपास सारखेच’ हा सल्ला चुकीचा आहे. तेवढ्याच बिट्समध्ये एच.२६४ बरेच जास्त तपशील राखतो. एव्हीसीएचडीच्या १७ एमबीपीएस मोडला नुसता आकडा पाहून नाकारू नका.

मोडच्या नावांवर तर अजिबात जाऊ नका. सोनीचा एचक्यू मोड नावाने उच्च दर्जाचा, प्रत्यक्षात सुमारे ९ एमबीपीएसचा मधला मोड. त्याच्या वर एफएच सुमारे १७ आणि एफएक्स २४. कॅननमध्ये एमएक्सपी २४, एफएक्सपी १७ आणि एक्सपी प्लस १२. एका कॅमेऱ्याचा सर्वोत्तम मोड आणि दुसऱ्याचा कारखान्यातून आलेला मोड शेजारी ठेवला, तर तुलना मेन्यूंची होते. दोन्ही वरच्या मोडवर न्या.

जागेचा हिशोब सोपा: एमबीपीएसला ०.४५ ने गुणा, तासाचे जीबी मिळतात. २४ ला १०.८, २८ ला १२.६, ५० ला २२.५.

३. चाचणीचे चित्रण

दोन्ही कॅमेरे ट्रायपॉडवर, शेजारी शेजारी, एकाच वेळी. स्टॅबिलायझर बंद, व्हाइट बॅलन्स हाताने ठरवलेला. झूमचा आकडा जुळवू नका, चौकट जुळवा. चार दृश्ये पुरतात: वाऱ्याने हलणारी दाट पाने किंवा वाहते पाणी, उभ्या खांबांसमोरून जलद पॅन (कॅमेरा आडवा फिरवणे), मंद उजेडातली फिकट भिंत आणि चालत येणारा माणूस. पानांवर कोडेक गडबडतो आणि चौकोन दिसू लागतात. जलद पॅनमध्ये सीमॉस सेन्सरचे खांब तिरके होतात. भिंतीवर दाणे दिसतात, चेहऱ्यावर ऑटोफोकसची धांदल.

मंद उजेडात चित्रण सुरू करण्याआधी ऑटो स्लो शटर दोन्हीकडे बंद करा. ते चालू असलेला कॅमेरा शटर १/२५ पर्यंत खाली नेतो. चित्र उजळ दिसते खरे, पण हलणारा हात फरफटतो. खोक्यावरचा लक्सचा (किती कमी उजेडात चित्र येते त्याचा) आकडाही अशाच युक्तीने खाली आणलेला असतो, म्हणून तो धरू नका. दिव्यांखाली चित्र लुकलुकत असेल तर ५० हर्ट्झच्या विजेला शटर १/५० किंवा १/१००, आणि ६० हर्ट्झला १/६० किंवा १/१२० ठेवा.

४. फाईल बघणे (घोळ इथेच होतो)

‘हा कॅमेरा कडा फाडतो’, ‘त्याचे चित्र थरथरते’ अशा निकालांतला मोठा भाग कॅमेऱ्याचा दोष नसतो, प्लेअरचा असतो. कारण इंटरलेसिंग, म्हणजे चित्र अर्ध्या अर्ध्या ओळींत लिहिणे.

५०आय मध्ये सेकंदाला ५० फील्ड येतात. प्रत्येकात फक्त अर्ध्या, म्हणजे ५४० ओळी: एकदा विषम, एकदा सम. दोन फील्डमध्ये १/५० सेकंदाचे अंतर असते, तेवढ्यात चालणारा माणूस पुढे सरकलेला असतो. संगणकाच्या पडद्याला मात्र अख्खी फ्रेम लागते. प्लेअरने दोन फील्ड नुसती गुंफली तर हलत्या कडांवर कंगव्याचे दात दिसतात. एक फील्ड टाकून दिली तर उभा तपशील निम्मा होतो. दोन्ही मिसळली तर भुतासारखी दुहेरी कड उमटते. एकाच फाईलचे हे तीन चेहरे आहेत, आणि त्यातला कुठलाही कॅमेऱ्याचा नाही.

म्हणून व्हीएलसी या प्लेअरमध्ये व्हिडिओ मेन्यूतले डीइंटरलेस (फील्डमधून अख्ख्या फ्रेम बनवणे) चालू करा आणि मोड यादिफ २एक्स निवडा. तो दर फील्डमधून एक फ्रेम तयार करतो, त्यामुळे हालचाल ५० च्या गतीनेच दिसते. ‘ऑटोमॅटिक’वर सोडून निकाल देऊ नका.

आता उलट सापळा. काही कॅमेऱ्यांचा २५पी मोड फाईलमध्ये ५०आयच्या वेष्टनात लिहिला जातो. कॅननचा पीएफ२५ तसाच. दोन्ही फील्ड एकाच क्षणाच्या, पण फाईल स्वतःला इंटरलेस्ड म्हणवते. मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅमच्या ‘स्कॅन टाइप’ रकान्यातही इंटरलेस्ड दिसू शकते. अशी फाईल डीइंटरलेस केली की चांगला तपशील उगाच वाया जातो आणि दोष कॅमेऱ्यावर येतो. खात्री करायची ती अशी: डीइंटरलेस बंद करा, हलत्या भागावर थांबा आणि व्हीएलसीमध्ये ‘ई’ दाबत एक एक फ्रेम पुढे सरका. हलत्या कडेवर दात दिसले तर खरे इंटरलेसिंग. एकाही फ्रेमला दात नसतील तर आत प्रोग्रेसिव्ह, म्हणजे अख्ख्या फ्रेम आहेत, डीइंटरलेस बंदच ठेवा. पाहायची ती हलती कड. स्थिर दृश्यात दात कधीच दिसत नाहीत, आणि लोक नेमके तिथेच तपासतात.

हालचाल पुढे-मागे हिसके देत असेल तर फील्डचा क्रम उलटा लागला आहे. एचडीव्ही आणि एव्हीसीएचडीत वरची फील्ड आधी, जुन्या डीव्हीमध्ये खालची आधी. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डीव्हीच्या प्रोजेक्टमध्ये एचडी क्लिप टाकली की हा घोळ हमखास होतो. क्लिप नाही, प्रोजेक्ट बदला.

एक कॅमेरा ५०पी वर आणि दुसरा ५०आय वर ठेवून ‘पहिला जास्त स्पष्ट’ म्हणण्यातही अर्थ नाही. ५०पी तसा दिसणारच. आधी दोन्ही ५०आय वर तपासा. ५०पी ची किंमत मोजायची का, हा प्रश्न त्यानंतरचा.

संगणकावर क्लिप अडखळत असेल तर प्रोसेसर कमी पडतो आहे, म्हणून शंका असेल तेव्हा कॅमेरा एचडीएमआयने थेट टीव्हीला जोडा. दोन्ही कॅमेरे त्याच टीव्हीला, त्याच पोर्टला. टीव्हीचे मोशन स्मूदिंग बंद आणि शार्पनेस कमी. वेबसाइटवर चढवलेल्या नमुना क्लिपांवरून निर्णय घेऊ नका. त्या पुन्हा कॉम्प्रेस झालेल्या असतात, आणि पानांवरचे चौकोन कॅमेऱ्याचे की साइटचे हे त्यात सांगताच येत नाही.

५. उरलेले

माइकचा आणि हेडफोनचा जॅक, दोन्ही हवेत. त्यातला एक नसेल तर मी पाच एमबीपीएस जास्त असलेला कॅमेराही घेणार नाही.

कार्ड: एव्हीसीएचडीचे २४ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ३ एमबी, वेगाचा क्लास ४ पुरतो. एक्सएव्हीसी एसला क्लास १० चे एसडीएक्ससी घ्या. १०० एमबीपीएसचा ४के मोड असेल तर यू३ वेगाचे.

एव्हीसीएचडी कार्डावरून एमटीएस (व्हिडिओच्या) फाईली वेचून उचलू नका, ‘प्रायव्हेट’ हे अख्खे फोल्डर उतरवा. ३२ जीबीपर्यंतची कार्डे एफएटी३२ या फाईल-पद्धतीवर असतात आणि त्यात एका फाईलला ४ जीबीची मर्यादा आहे. २४ एमबीपीएसला ती साधारण २४ मिनिटांत भरते. काही कॅमेरे २ जीबीलाच फाईल तोडतात. सलग चित्रणाचे तुकडे सुटे एडिटिंगमध्ये टाकले तर जोडावर आवाजात टिचकी किंवा काही फ्रेमची फट राहू शकते. फोल्डरची रचना शाबूत असेल तर कॅमेऱ्यासोबत आलेले सॉफ्टवेअर ते तुकडे नीट जोडते. कार्ड पुसण्याआधी जोडलेली क्लिप त्या जोडावरून एकदा चालवून पाहा.