हिमालयातली बंबलबी ओळखायची तर पाठ सोडा, गाल बघा

बंबलबी म्हणजे मधमाशीची गुबगुबीत, केसाळ चुलतबहीण. घराच्या वाशाला भोकं पाडणारा काळाकुळकुळीत भुंगा म्हणजे बंबलबी नव्हे. तो सुतारभुंगा. त्याचं पोट वरून तुळतुळीत असतं, बंबलबीचं स्वेटर घातल्यासारखं केसाळ. सह्याद्रीत तिला शोधत बसू नका. भारतात ती भेटते हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत, आणि तिथे तिच्या ५०च्या आसपास जाती आहेत. दोनच पंख, आखूड मिशा आणि डोक्यावर मावत नाहीत एवढे डोळे दिसले, तर ती सोंग घेतलेली साधी माशी. सोडून द्या.

मग नर की मादी ते ठरवा. मादीच्या मिशीला १२ पेरं, नराच्या १३. मागच्या पायावर परागाचा गोळा असेल तर मिशा मोजायचीही गरज नाही, ती मादीच.

आता रंग. सगळे इथेच फसतात. मीही फसलो. पहिल्या हंगामात चाळीसेक फोटो काढले, सगळे वरून, आणि शेपूट नारिंगी दिसली की खाली बिनधास्त ‘बॉम्बस हेमोरॉयडॅलिस’ हे एका जातीचं शास्त्रीय नाव (बॉम्बस म्हणजे बंबलबी) लिहून मोकळा. जाणकाराला दाखवले तर त्यांनी एकच विचारलं, “गाल कुठाय?” चाळीसपैकी एकाही फोटोत गाल नव्हता. सगळे बाद.

भानगड अशी आहे की हिमालयात एकाच खोऱ्यातल्या वेगवेगळ्या जाती एकच गणवेश घालून फिरतात. नांगीवाल्या साऱ्याजणी सारख्या दिसल्या की पक्षी एकीकडून धडा शिकतो आणि सगळ्यांना टाळतो. उलट तीच जात दुसऱ्या प्रदेशात गेली की तिथला गणवेश चढवते. म्हणून ‘नारिंगी शेपूट म्हणजे अमुक’ असला तक्ता कुणी दिला तर फाडून टाका. युरोपातला असेल तर आधी फाडा. फोटोवरून नाव सांगणारी अ‍ॅपंही पाठच बघतात आणि छातीठोकपणे चुकतात. त्यात उन्हाने केस विटतात. म्हाताऱ्या कामकरीणीचा नारिंगी पिवळट होतो आणि पाठीला टक्कल पडतं ते वेगळंच.

रंग अगदीच निरुपयोगी नाही, पण तो कितव्या वलयावर आहे ते नेमकं सांगता आलं पाहिजे. पोटाचं पहिलं वलय कमरेशी, छातीच्या केसांखाली दडलेलं असतं. नवखा माणूस दुसऱ्यालाच पहिलं धरतो आणि पुढचा सगळा हिशेब एकाने सरकतो. माझी युक्ती: मागूनही मोजा. मादीला ६ वलयं दिसतात, नराला ७. दोन्हीकडून आकडा जुळला तरच टिपून ठेवा. नर-मादी आधी ठरवायला सांगितलं ते यासाठी.

आणि गाल. डोळ्याच्या खालच्या कडेपासून जबडा जिथे सुरू होतो तिथपर्यंतची जागा. ती जबड्याच्या बुडाच्या रुंदीशी ताडून बघा. बॉम्बस ट्रायफॅसिएटस आणि बॉम्बस ब्रेव्हिसेप्स वरून जुळ्या बहिणी वाटाव्यात अशा असतात, पण पहिलीचा चेहरा घोड्यासारखा लांब आणि दुसरीचा आखूड, गोलसर. पहिलीच्या मधल्या पायाच्या घोट्याखालच्या लांब पेराला टोकाशी काट्यासारखा कोपराही असतो.

गालाचा फोटो उडत्या बंबलबीचा मिळत नाही. फुलात तोंड खुपसलेलं असतं, आणि चेहरा जरा तिरका झाला की लांब गालही आखूड दिसतो. पारदर्शक नळीत धरा, दहा मिनिटं बर्फाच्या डब्यात ठेवा, मग कापसाचा बोळा खालून हलकेच सरकवून तिला भिंतीला टेकवा आणि बरोब्बर बाजूने फोटो घ्या. तिने मधला पाय वर उचलला तर ती सलामी नाही, धमकी आहे. पुन्हा थंड करा. राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या परवानगीशिवाय नळी खिशातून काढूही नका. तिथे फक्त कॅमेरा, आणि भरपूर धीर.

तारीख, ठिकाण, उंची, फूल: लगेच लिहा. गाल नसेल तर ‘बॉम्बस, जात अनिश्चित’ लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

सोडताना तिला हवेत भिरकावू नका. फुलावर ठेवा. पंख न हलवता ती आतल्या आत थरथरत राहील, पोट भराभर वरखाली होईल. अंग तापवते आहे. उन्हाच्या आड उभे राहू नका.