लोकसभेचा अर्ज भरताना शेतकरी उमेदवाराने काय सांभाळावं

जिल्हा परिषद, २००४ ला शिरोळमधून अपक्ष आमदार, २००९ आणि २०१४ ला हातकणंगल्यातून खासदार, असा शेतकरी नेते राजू शेट्टींचा रस्ता. त्या वाटेने निघालेल्या आंदोलकाला सभा गाजवता येतात, पण अर्जासोबतचं मालमत्ता, देणी आणि गुन्ह्यांचं शपथपत्र (नमुना २६) मात्र घाम काढतं. ते महिनाभर आधी हाती घ्या.

आधी जमीन. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, शपथपत्रात मात्र एकरात मागतात. सगळ्याचे आर करा (१ हेक्टर म्हणजे १०० आर) आणि ४०.४७ ने भागा. सामाईक गटात फक्त आपला हिस्सा लिहा आणि तो आठ-अ उताऱ्याशी (आपल्या खात्यावरच्या एकूण जमिनीचा उतारा) जुळवून घ्या. वडिलोपार्जित जमीन आणि खरेदीची जमीन वेगळी दाखवा. खरेदी असेल तर तारीख आणि किंमतही हवी. पत्नीच्या व अवलंबितांच्या नावावरचं क्षेत्र त्यांच्या रकान्यात. सोसायटीचं पीककर्ज थकलेलं असो वा नसो, देण्यांत येतंच. सातबाऱ्यावरचा बोजा कुणालाही ऑनलाइन दिसतो, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

खरी गोम गुन्ह्यांत आहे. रास्ता रोको, ऊसवाहतूक अडवणं यांचे गुन्हे चार-पाच ठाण्यांत विखुरलेले असतात आणि निम्मे आठवतही नाहीत. प्रत्येक ठाण्यातून यादी काढा. गुन्हा क्रमांक, कलमं, न्यायालय, आरोप निश्चित झाले का, सगळं लागतं. ‘शासनाने आंदोलनाचे गुन्हे मागे घेतले’ यावर विसंबू नका. शासन निर्णय निघाला तरी न्यायालयाने खटला मागे घेण्यास परवानगी देईपर्यंत तो प्रलंबितच. प्रलंबित खटल्यांची माहिती प्रचारकाळात तीनदा वृत्तपत्रात आणि टीव्हीवर द्यावी लागते, त्याचे पैसे बाजूला ठेवा.

एकही रकाना कोरा नको. काही नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’. कोऱ्या रकान्याबद्दल सूचना मिळूनही तो भरला नाही, तर अर्ज बाद होऊ शकतो.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार, पुरतो. अपक्षाला किंवा नुसत्या नोंदणीकृत पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात, तेही त्याच मतदारसंघातले मतदार. बारा-तेरा जण तयार ठेवा, पण सही घेण्याआधी प्रत्येकाचा यादीभाग आणि अनुक्रमांक ताज्या यादीत बघा. तुमचं स्वतःचं नाव दुसऱ्या मतदारसंघात असेल तर तिथल्या यादीची प्रमाणित प्रत जोडा.

अनामत २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२,५००. रोख किंवा कोषागाराचं चलन चालतं, धनादेश नाही. वैध मतांच्या सहाव्या हिश्शाहून जास्त मतं पडली तर परत मिळते. खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्जाच्या निदान एक दिवस आधी उघडा.

अर्ज दुपारी तीनच्या आत. राज्यघटनेवरील निष्ठेची शपथ (शपथपत्र वेगळं) अर्ज दिल्यानंतर आणि छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत घ्या. छाननीच्या सकाळी घेतलेली चालत नाही. खर्चमर्यादा महाराष्ट्रात ९५ लाख. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्या, हरलात तरी. चुकवलात तर तीन वर्षं अपात्र ठरवलं जाऊ शकतं.