मंदीत किराणा दुकान गल्लीच्या आधारावर कसं टिकवावं

मंदीची चाहूल आधी यादीत लागते. तेलाचा पाच लिटरचा कॅन जाऊन एक लिटरची पिशवी येते, बदाम-काजू गळतात, महिन्याचं सामान आठवड्यावर येतं. विक्री घटते ते एक वेळ सोसतं; दुकान बुडतं ते पैसा उशिरा आल्यामुळे. घाऊक व्यापारी रोख मागतो, गिऱ्हाईक उधार मागतं आणि वाणी मधल्या मध्ये अडकतो. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपला कोणाच्या घरी खाणारी तोंडं किती आणि कुठल्या घरचं काम नुकतंच सुटलंय, हे कळत नाही. तुम्हाला कळतं. या ओळखीच्या जोरावर पैसा मालाच्या मागून न येता मालाच्या आधी कसा येईल, हे बघायचं.

उधारी बांधून द्या

‘उधारी बंद’ची पाटी मंदीत लावू नका, पण सैल उधारीही नको. घराचं नेहमीचं महिन्याचं बिल 4,000 रुपये असेल तर उधारीची हद्द 2,000 ठेवा. परतफेडीची तारीख पगारानंतर तीन दिवसांच्या आत ठरवा. वह्या दोन: एक गल्ल्याजवळ, एक गिऱ्हाइकाच्या घरी. प्रत्येक नोंद दोन्हीकडे, तिथल्या तिथे. हिशेब साधा आहे. दहा टक्के नफ्यावर 1,000 रुपयांचा माल उधार गेला आणि बुडाला, तर तुमच्या खिशातले 900 गेले. ते भरून काढायलाच 9,000 रुपयांची विक्री लागते.

काम सुटलेल्या घराचं खातं दोन भागांत तोडा. जुनी बाकी बाजूला गोठवा आणि आठवड्याला 200 रुपये, जमेल तशी फेडू द्या. नव्या खात्यावर पीठ, तांदूळ, डाळ, तेल, साखर, चहापत्ती एवढंच. बिस्किटं आणि थंड पेयं रोखीनेच. हे न करता जुन्या बाकीत नवी मिसळत गेलात, तर आकडा बघून माणूस शरमतो, तुमच्या दुकानासमोरून जायचं टाळतो आणि उरलेली रोख खरेदी पलीकडच्या दुकानात करतो. मग पैसेही गेले आणि गिऱ्हाईकही.

सगळी उधारी एकाच कारखान्याच्या पगारावर तर उभी नाही ना, हेही तपासा. मुंबईच्या गिरणगावात वाणी आणि खाणावळी यांचा हिशेब गिरणीच्या पगारावर चालायचा. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार एकदमच थांबले. तुमच्याही वहीत एकाच कंपनीची घरं एक तृतीयांशाच्या वर गेली असतील, तर त्या घरांची हद्द आजच कमी करा. कंपनी बंद पडायची वाट बघू नका.

दिवाळीची भिशी

दहा महिने दरमहा 500 रुपये भरायचे आणि दिवाळीला 5,250 रुपयांचं सामान न्यायचं. वरचे 250 तुमच्या नफ्यातले. ही रक्कम दुकानाच्या चालू खात्यात मिसळू नका, वेगळं बँक खाते उघडा. पावसाळ्यात विक्री मंदावली की भिशीचे पैसे दुकानात वापरले जातात आणि ऐन दिवाळीत रवा-मैदा-तेल चढ्या भावाने, तेही उधारीवर भरावं लागतं. भिशी मोडते ती इथेच. व्याज किंवा वाढीव रोख रक्कम देण्याचं कबूल करू नका. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा 2019 पासून आहे. मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम त्यातून वगळली आहे, पण माल देता आला नाही तर पैसे परत मिळाले पाहिजेत. कार्डावर तसं लिहून द्या आणि सुरू करण्याआधी आपल्या सीएला एकदा दाखवा.

वर्षाचं धान्य, गटाने

एप्रिल-मे महिन्यांत दहा-बारा घरं एकत्र आली की गहू आणि तूरडाळ पोत्यांनी मागवता येते. निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि भाव दोनच दिवस धरून ठेवा, कारण बाजार रोज हलतो. तागाचं रिकामं पोतं अर्ध्या किलोच्या वर भरतं, शिवाय चाळल्यावर खडा-कचरा निघतो. ही घट आधी न सांगता पोत्यावरच्या वजनाने पैसे घेतले, तर वाटपाच्या दिवशी भांडण ठरलेलं. बारदान वजा करून, सगळ्यांसमोर तोला. जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या वेष्टनबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर जीएसटी लागतो, सुट्यावर नाही. म्हणून समोर सुटं तोलून देणं गिऱ्हाइकालाही परवडतं. डाळ दोन दिवस कडक उन्हात वाळवून, निवून, किलोमागे एक चमचा एरंडेल चोळायचं, हेही सांगा. घरी नेलेल्या डाळीला किडे लागले तर बोल दुकानालाच लागतो.

भाजणी: गट, गिरणी आणि दुकान

महागडी तयार पिठं मंदीत खपत नाहीत, भाजणी खपते. एका घाण्याचं प्रमाण: बाजरी 1 किलो, ज्वारी 1 किलो, तांदूळ अर्धा किलो, हरभराडाळ अर्धा किलो, उडीदडाळ पाव किलो, गहू पाव किलो, धणे 100 ग्रॅम, जिरे 25 ग्रॅम. कच्चा माल तुमच्याकडून जातो, भाजतो गल्लीतला बचत गट, दळते शेजारची गिरणी. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत भाजायचं. एकत्र भाजलं की बाजरी करपते आणि हरभराडाळ कच्ची राहते. मग सुती कापडावर पसरून पूर्ण निवू द्यायचं. कोमट धान्य दळून पिशवीत भरलं तर पिशवी आतून घामेजते, पिठाच्या गुठळ्या होतात आणि चार दिवसांत कुबट वास येतो. दळण जरा जाडसर हवं, नाहीतर थालीपीठ चिवट होतं.

अर्धा किलोच्या पिशव्या, दळल्याची तारीख आणि गटाचा एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) नोंदणी क्रमांक छापलेल्या. पहिल्यांदा दहाच घ्या आणि संपायला किती दिवस लागले ते लिहून ठेवा. गटाचे पैसे माल हातात आला त्याच दिवशी रोख द्या. त्या बायकांची घरं तुमच्याच वहीत आहेत. त्यातला बराच पैसा आठवड्याच्या आत तुमच्याच गल्ल्यात, रोखीने परत येतो.